बेदाण्याच्या गावात कुत्रा पाळताना

मार्चमधली गोष्ट. तासगावकडं चुलत्यांच्या बेदाणा शेडवर गेलो होतो, आमची कुत्री चिंगी सोबत होती. रॅकच्या जाळीतून खाली गळलेला माल ती एकेक करून वेचत होती आणि आम्ही सगळे कौतुकानं बघत होतो. "खाऊ दे की, काय होतंय त्याला," आबा म्हणाले. रात्री घरी आल्यावर तिनं ओसरीवर उलटी केली. फुगलेले बेदाणे, जसेच्या तसे. मी काडीनं मोजायला लागलो. चाळीसच्या पुढं गेल्यावर मोजणं सोडलं आणि डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: किती वाजता खाल्ले आणि वजन किती? मला दोन्हीही सांगता आलं नाही.

चिंगी वाचली. आणखी उलट्या करवून पोट रिकामं केलं, दोन दिवस सलाईन लावलं, मूत्रपिंडासाठी दोनदा रक्त तपासलं. तेव्हापासून आमच्या दुधाच्या वहीच्या मागच्या पानांवर चिंगीचा हिशेब असतो. पुढचं सगळं त्या पानांवरून.

पहिलं काम: बरं असताना कुत्रा बघून ठेवा

कुत्रा दुखणं लपवतो. तो लंगडायला किंवा जेवण सोडायला लागतो तोवर आजार चार दिवस पुढं गेलेला असतो. म्हणून तो ठणठणीत असतानाच त्याची मापं घेऊन ठेवायची.

वजन घ्या. आधी तुम्ही एकटे काट्यावर उभे राहा, मग कुत्र्याला उचलून, आणि वजाबाकी करा. मोठा कुत्रा असेल तर भुसार दुकानाचा काटा आहेच. महिन्यातून एकदा पुरे. औषधाचा प्रत्येक डोस वजनावर ठरतो, त्यामुळं "असेल वीस-बावीस किलो" असं चालत नाही. आमची चिंगी अंदाजानं वीसची होती, काट्यावर साडेपंधरा भरली.

ताप बघायला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. टोकाला खोबरेल तेल लावून गुदद्वारात इंचभर आत सरकवायचा आणि बीप वाजेपर्यंत धरायचा. एकानं डोकं कुरवाळत बसायचं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्याला ताप वाटेल तेवढं त्याला नॉर्मल. १०३ च्या वर गेलं की ताप समजा. नाक कोरडं म्हणजे ताप, ओलं म्हणजे बरं, हे आजीचं गणित भरवशाचं नाही. उन्हात झोपून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचंही नाक कोरडं असतं.

झोपेत श्वास मोजा. छाती एकदा वर-खाली झाली की एक. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. मिनिटाला तीसच्या आत असावा.

आणि हिरड्या. ओठ वर करा, गुलाबी हिरडीवर बोट दाबा. जागा पांढरी पडेल, बोट काढल्यावर दोन सेकंदांत परत गुलाबी झाली पाहिजे. गावठी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्या असतात, तिथं रंग कळत नाही. मग डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघायचा. एवढी एक गोष्ट मला वेळेवर माहीत असती तर चिंगीच्या आधीचा आमचा शेरू इतका अशक्त झाला नसता. ते पुढं येतंच.

ताटातलं काय द्यायचं नाही

आपल्याकडं द्राक्ष आणि बेदाणा म्हणजे घरचा माल. डब्यात, खिशात, पाहुण्यापुढं, प्रसादात, सगळीकडं. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला हा आपला बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला मात्र विष ठरू शकतो. एखाद्या कुत्र्याला मूठभर खाऊनही काही होत नाही, दुसऱ्याला थोडेसे पुरतात, त्यामुळं "एवढे चालतील" असा आकडा कोणी देत नाही. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर संशय आहे, आणि तेच आम्ल चिंचेतही असतं. म्हणून आमटीत पिळून झालेल्या चिंचेचा चोथा कुत्र्याच्या तोंडी लागेल असा टाकू नका. बेदाणा वाळलेला असल्यानं एका मुठीत द्राक्षाच्या कितीतरी पट माल पोटात जातो.

खाल्ल्यावर बहुधा काही तासांत उलटी होते, मग कुत्रा मलूल पडतो, आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंड थकायला लागतं. मधल्या वेळात तो बरा वाटू शकतो. तिथंच माणसं फसतात. खाल्लेलं दिसलं की लक्षणांची वाट न बघता डॉक्टर गाठा, कारण पोटात आहे तोवरच बाहेर काढता येतं. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवायच्या भानगडीत पडू नका, जास्त मीठ स्वतःच कुत्र्याला मारू शकतं. ज्यांच्या शेड आहेत त्यांनी हंगामात कुत्रा रॅकपासून लांब बांधावा. द्राक्षं वाळवायच्या आधी बुडवतात त्या डिपिंग ऑईलच्या टाकीतलं पाणीही तो पिणार नाही असं बघावं.

दुसरी घरची वस्तू म्हणजे कांदा-लसूण मसाला. कांदा आणि लसूण, कच्चा असो, शिजलेला असो की मसाल्यात वाळवलेला, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. रस्सा कुस्करून घातलेली भाकरी रोज खाणारी कुत्री आपण बघतो आणि "आमच्या कुत्र्याला काही होत नाही" म्हणतो. होतं, हळूहळू होतं. भाजी फोडणीला टाकायच्या आधीच त्याच्या वाट्याचं चिकन नुसतं पाण्यात उकडून बाजूला काढा. हळद चिमूटभर चालेल, मीठ अगदी कमी. शिजवलेलं हाड देऊ नका, ते टोकदार तुटतं आणि आतड्यात रुततं. भाकरी-दुधावर कुत्रा जगतो पण अंगानं भरत नाही, अंडं किंवा मांस लागतंच. दुधानं पातळ होत असेल तर दूध बंद.

चॉकलेट नको. आपल्या गोळ्याही नकोत. ताप आला म्हणून पॅरासिटामॉल, लंगडतोय म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक, हे फार घरांत होतं. त्यातून यकृत जातं, पोटात व्रण पडतात, मूत्रपिंड बिघडतं.

गोचीड

पाऊस सुरू झाला की मला वहीची चार पानं लागतात ती या एका किड्यासाठी.

म्हशीच्या गोठ्यातून कुत्र्याला गोचीड लागते असं सगळे म्हणतात. कुत्र्यावर बहुतेक वेळा दिसते ती तपकिरी गोचीड वेगळ्या जातीची, आणि ती आपल्या घरातच पिढ्यान्‌पिढ्या नांदते. रक्त पिऊन तट्ट फुगलेली मादी एरंडाच्या बीसारखी करडी दिसते. ती कुत्र्यावरून उतरते, भिंतीवर चढते, फटीत शिरते आणि हजारांवर अंडी घालते. त्यामुळं नुसतं कुत्र्याला औषध लावून उपयोग नाही. आमच्या ओसरीच्या चौकटीमागं बॅटरी मारून बघितलं तर मोहरी सांडल्यासारखी पिल्लं चालत होती.

हे असं करा. रोज संध्याकाळी पाच मिनिटं कुत्र्याच्या अंगावरून उलट्या दिशेनं हात फिरवा. जागा ठरलेल्या आहेत: कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीच्या मुळाशी, बोटांच्या मधे. हाताला लागेल तिथं केस बाजूला करून बघा. चामखीळ आणि स्तनाग्र यांना गोचीड समजून उपटणारे बहाद्दर आहेत. गोचीड दिसली तर चिमट्यानं अगदी कातडीलगत धरून सरळ ओढा. पिळायचं नाही, पेटती काडी लावायची नाही, रॉकेल ओतायचं नाही, आणि बोटानं फोडायची तर अजिबात नाही. काढलेली स्पिरिटच्या बाटलीत टाका. बोटांच्या बेचक्यात बघता बघता कुसळंही सापडतात. ऊसतोडीच्या दिवसांत बांधावर फिरणाऱ्या कुत्र्याच्या कानात कुसळ गेलं तर तो मान तिरकी करून सारखा डोकं झटकतो. ते आत असेल तर डॉक्टरांनाच काढू द्या.

मोठा बंदोबस्त म्हणजे मानेवर सोडायचं थेंबांचं औषध किंवा चघळायची गोळी. गोळ्यांतल्या काहींचा परिणाम महिनाभर टिकतो, काहींचा तीन महिने. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा. गोठ्यात फवारायचं औषध अंदाजानं पाण्यात घालून कुत्र्याला आंघोळ घालू नका, तो अंग चाटतो. भिंतीच्या फटी सिमेंटनं बुजवा, अंथरूण उकळत्या पाण्यातून काढा, आणि फवारणी केलीच तर जागा वाळेपर्यंत कुत्रा बाहेर. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, कारण तोवर राहिलेली अंडी फुटतात.

आता शेरूचं. सहा वर्षांपूर्वी जूनमध्ये त्यानं दोन दिवस भाकरी सोडली. उन्हानं असेल म्हणालो. तिसऱ्या दिवशी जिना चढेना. डॉक्टरांनी त्याचा ओठ वर केला आणि मला म्हणाले, "दादा, हे बघितलं नाही का?" हिरड्या चुन्यासारख्या. गोचीडताप. गोचिडीतून रक्तात जंतू जातात. एका प्रकारात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, उतरतात, मग नाकातून रक्त येतं, पोटावर लाल ठिपके उठतात. दुसऱ्यात तांबड्या पेशी फुटतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते. रक्ताची तपासणी करून, काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघून ते कळतं. पहिल्या प्रकाराला डॉक्सिसायक्लिन देतात, साधारण चार आठवडे. शेरू चौथ्या दिवशी जेवायला लागला आणि आठव्या दिवशी मी गोळ्या थांबवल्या. दीड महिन्यानं ताप परत आला, पहिल्यापेक्षा वाईट. चूक पूर्णपणे माझी होती.

लसी, जंत, पूर

हे थोडक्यात, कारण इथं डोकं लावायचं नाही, तारखा पाळायच्या. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की डिस्टेंपर आणि पार्व्हो या जीवघेण्या आजारांची लस सुरू, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची तिसऱ्या महिन्यात, मग डॉक्टर सांगतील त्या तारखेला बूस्टर आणि दरवर्षी. लसींचा कोर्स पूर्ण होईपर्यंत पिल्लू गल्लीत सोडू नका. पार्व्हो झालेल्या कुत्र्याची जागा फिनेलनं नव्हे, ब्लीचच्या पाण्यानं धुतात. जंताचं औषध पिल्लाला तीन महिन्यांपर्यंत पंधरवड्यानं, सहा महिन्यांपर्यंत महिन्यानं, पुढं तीन महिन्यांनी, वजन करूनच.

नदीकाठच्यांना एक जास्तीचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत घरांत शिरलं, २०२१ ला पुन्हा. पुराचं पाणी म्हणजे उंदरांचं मूत मिसळलेलं पाणी, त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. ताप, उलट्या, डोळे पिवळे. कुत्र्यापासून तो माणसालाही होतो, त्याची लघवी उघड्या हातानं पुसू नका. वार्षिक लशीत लेप्टोचा भाग आहे का हे जूनच्या आधी विचारून घ्या. सांगलीत इर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ४० ची बातमी आली की आमची चिंगी वरच्या मजल्यावर, आणि पट्टा खुंटीला न बांधता सैल.

कुणाला कुत्रा चावला, घरचा असला तरी, जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखाना गाठा. हळद-तिखट भरू नका.

मादी असेल तर

माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत ती भांडंभर पाणी प्यायला लागली, मलूल झाली, खालून घाण वास येणारा स्राव दिसला, किंवा न दिसताही पोट फुगलं, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. त्याला बहुतेक वेळा ऑपरेशनच लागतं, आणि तेही लगेच. पिल्लं नको असतील तर आधीच नसबंदी करून घेतलेली बरी. चिंगीची केली आहे. आबांनी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला, मग तिच्या टाक्यांना माश्या बसू नयेत म्हणून दिवसभर पंखा घेऊन तेच बसले.

कधी थांबायचं नाही

हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर, रक्ताचे जुलाब, लघवी तुंबलेली, फिट, पोट ढोलासारखं फुगून नुसते कोरडे उमाळे येणं, साप चावल्याचा संशय. यात सकाळची वाट नाही. उसाच्या फडातून कुत्रा तोंड सुजवून आला तर जखम कापू नका, घट्ट बांधू नका, उचलून न्या. एप्रिलच्या दुपारी धापा टाकत कोसळला तर सावलीत घ्या, साध्या पाण्यानं भिजवा, वारा घाला, आणि तसाच गाडीत टाका. बर्फाचं पाणी नको.

गावातले पुष्कळ डॉक्टर गाई-म्हशींच्या फेरीवर असतात. आधी फोन करून कुत्री बघतात का, रात्री कुठं असतात, हे विचारून नंबर वहीत लिहून ठेवा. मोठ्या तपासणीसाठी शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय पुण्याच्या वाटेवर आहे. फोनवर पाच गोष्टी एका दमात सांगता आल्या पाहिजेत: वजन, ताप, हिरड्यांचा रंग, शेवटचं कधी खाल्लं, आणि काय खाल्लं.

थर्मामीटर मात्र घरच्यांपेक्षा वेगळा ठेवा. आमच्याकडं चिंगीच्या थर्मामीटरवर आईनं लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. ठिपका द्यायच्या आधी तो एकदा आबांच्या तोंडात गेला होता, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.