कोपेपॉड मेले, पण प्लास्टिकने नाही

कोपेपॉडवर, म्हणजे पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या प्राण्यांवर, सूक्ष्मप्लास्टिकचा परिणाम तपासणार असाल, तर बीड्सची (प्लास्टिकच्या सूक्ष्म मण्यांची) बाटली उघडण्याआधी ते कोणत्या द्रवात भरून आले आहेत ते वाचा. माझे चार महिने यातच वाया गेले आणि ते अजून सलतात.

पॉलिस्टायरीनचे चमकणारे बीड्स मी पाच मात्रांमध्ये समुद्राच्या पाण्यात घातले. ४८ तासांत कोपेपॉड मरू लागले. जितके बीड्स जास्त, तितके मृत्यू जास्त. आलेख इतका देखणा आला की सगळ्यांनी पाठ थोपटली. एका सीनियर ताईंनी मात्र विचारलं, "बीड्स काढून नुसता द्रव घालून पाहिलास?" नव्हता पाहिला. कौतुक करणाऱ्या दहा जणांपेक्षा असं विचारणारं एक माणूस जवळ ठेवा, मग ते तुमचे गाईड असोत वा नसोत.

हे नीट समजून घ्या, कारण यात कुणीही फसतं. स्टॉकमध्ये, म्हणजे बीड्स भरून आलेल्या मूळ द्रवात, जिवाणू वाढू नयेत म्हणून बरेचदा सोडियम अझाइड घातलेलं असतं आणि बीड्स एकमेकांना चिकटू नयेत म्हणून सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखं रसायन. अझाइड पेशींचं श्वसनच बंद पाडतं. बीड्स दुप्पट हवेत म्हणून तुम्ही स्टॉक दुप्पट घालता, तेव्हा अझाइडही दुप्पट जातं. आलेख चढणारच! आणि माझ्या कंट्रोलमध्ये (तुलनेसाठी ठेवलेल्या बाटलीत) नुसतं समुद्राचं पाणी, म्हणजे अझाइडचा थेंबही नाही. डॅफ्निया या गोड्या पाण्यातल्या जीवावर २०१९ मध्ये नेमकं हेच दाखवलं गेलं: मृत्यूंमागे प्लास्टिकचे कण नव्हते, स्टॉकमधलं रसायन होतं. खरं तर मला ४८ तासांतच संशय यायला हवा होता. प्लास्टिकने पोट भरून उपासमार झाली, तरी मरायला सहसा वेळ लागतो.

तेव्हा स्टॉक सेंट्रिफ्यूज करा (यंत्रात वेगाने फिरवून बीड्स तळाशी बसवा), वरचा बीड्स नसलेला द्रव घ्या आणि सगळ्यात मोठ्या मात्रेला जेवढा स्टॉक लागतो तेवढाच तो वेगळ्या कंट्रोलमध्ये घाला. खाली बसलेले बीड्स पुन्हा पुन्हा धुवा आणि नंतर परत मोजा, धुताना बरेच निसटतात. त्याच आकाराचे सिलिकाचे कण घालून आणखी एक कंट्रोल ठेवा. तो नसेल तर परिणाम प्लास्टिकचा की कुठल्याही न पचणाऱ्या कणाचा, हे सांगता येणार नाही.

चमकणारा रंगही बीडमधून सुटून प्राण्याच्या चरबीत उतरतो. अंगभर पसरलेली धूसर चमक म्हणजे बीड्स नव्हेत. ठिपके मोजा.

"आधी ब्राइन श्रिंपवर करून घे, सोपं पडतं" असा सल्ला मिळेल. (ब्राइन श्रिंप म्हणजे खाऱ्या पाण्यातला, प्रयोगशाळेत सहज वाढणारा छोटा प्राणी.) मला तो पटत नाही. ब्राइन श्रिंप तोंडात मावेल ते गिळतात, कोपेपॉड कण पारखून नकोसा टाकूनही देतात. तुमचा प्रश्न निवडीचा असेल, तर सोप्या प्राण्यावर त्याचं उत्तर नाही.

बाटल्या टेबलावर ठेवून जाऊ नका. पॉलिस्टायरीनची घनता मिलिलिटरला सुमारे १.०५ ग्रॅम, समुद्राच्या पाण्याची १.०२५, म्हणजे बीड्स हळूहळू तळाशी बसतात. बाटल्या चाकावर फिरत्या ठेवा.

घाबरू नका, प्रयोग पुन्हा उभा राहतो. पहिल्यांदा विष्ठेची गोळी मायक्रोस्कोपखाली धरली, तर पातळ पडद्यात एकामागे एक रचलेले हिरवे ठिपके दिसले. प्राणी प्लास्टिक खातो आणि बाहेरही टाकतो, हे त्या क्षणी कळलं.

धुतलेल्या बीड्समध्ये माझे कोपेपॉड मेले नाहीत, पण शैवाल कमी खाऊ लागले. २०१५ मध्ये कॅलॅनस हेल्गोलँडिकस या कोपेपॉडवर झालेल्या अभ्यासात मिलिलिटरला ७५ बीड्स असताना त्यांनी शैवालाच्या पेशी ११ टक्के कमी खाल्ल्या, पण पोटात गेलेला कार्बन ४० टक्के घटला, कारण ते लहान पेशींकडे वळले होते. मी पेशी फक्त मोजल्या होत्या, त्यांचा आकार नोंदवलाच नव्हता. तुम्ही पहिल्या दिवसापासून नोंदवा.