बुटीकची आखणी ट्रायल रूमपासून करावी

इंदूरमध्ये उंची स्त्री-वस्त्रांचे बुटीक काढायचे ठरले की बहुतेक मालकिणी प्रथम दर्शनी काच, झुंबर आणि काउंटरचा दगड यांविषयी बोलू लागतात, आणि ट्रायल रूमसाठी जिन्याखालचा उरलेला कोपरा राखून ठेवतात. या शहरातील दुकानांची आखणी करताना मी नेमका उलटा क्रम धरते. भारी लेहंगा घ्यायचा की नाही, याचा निर्णय शोकेससमोर होत नाही; तो बंद दाराआड, आरशासमोर होतो. त्यामुळे कागदावर पहिली रेघ ट्रायल रूमची ओढावी आणि उरलेले दुकान तिच्याभोवती बसवावे.

कुर्तीसाठी ४ बाय ४ फुटांची खोली चालते, परंतु लेहंग्याचा घेर मोकळा पडायचा असेल आणि चोळीचे बंद बांधायला सोबतची बहीण किंवा आई आत यायची असेल, तर किमान ५ बाय ६ फूट जागा द्यावी. पडद्याऐवजी आतून कडी लागणारे दार हवे, आणि दार उघडताच आरशात आतले सारे बाहेर दिसणार नाही अशा भिंतीवर आरसा लावावा. आरसा जमिनीपासून सुरू झाला पाहिजे, कारण साडीचा काठ पावलाशी कसा पडतो हेच तर पाहायचे असते. अंगावरून उतरवलेले कपडे, घालून पाहायचे कपडे आणि पर्स यांसाठी तीन स्वतंत्र हुक, एक बैठे स्टूल आणि एसीची वेगळी झडप एवढे आत असावे. इंदूरच्या मे महिन्यात कोंदट खोलीत घातलेल्या रेशमी ब्लाउजवर घामाचा डाग पडतो आणि तो माल फुकट जातो. ट्रायल रूममध्ये कॅमेरा असूच नये. बाहेरच्या कॅमेऱ्याचे तोंडही तिच्या दाराकडे नसावे.

प्रकाशाच्या बाबतीत मी सर्वांत हट्टी आहे. डोक्यावर एकच स्पॉटलाइट असला की डोळ्यांखाली व हनुवटीखाली सावल्या पडतात, आणि थकलेला चेहरा पाहून बाई साडी नाकारते. म्हणून आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर, उभे दिवे लावावेत. त्यांचे रंगतापमान, म्हणजे प्रकाशाची पिवळसर-पांढरी छटा, ३००० ते ३५०० केल्विन आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी अंक, ९० किंवा अधिक असावा. हे आकडे खोक्यावर पाहूनच दिवे घ्यावेत. स्वस्त एलईडीखाली कुंकवासारखा लाल मळकट दिसतो आणि जांभळा व गडद निळा यांतला फरक हरवतो. म्हणूनच आपल्याकडच्या मावशी साडी हातात घेऊन दाराशी जातात. त्यांना परत बोलावण्यापेक्षा उत्तरेच्या खिडकीपाशी एक छोटा आरसा लावून उजेडात कापड पाहण्याची जागाच करून द्यावी. मात्र तिथे कायमचा माल टांगू नये.

साड्या ठेवणार असाल तर गादीला पर्याय नाही. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये पिढ्यान्‌पिढ्या खरेदी केलेल्या मराठी घरांतल्या सासवा-सुनांना साडी उलगडूनच पाहायची असते, आणि साडेपाच मीटर कापड काउंटरवर उलगडत नाही. ६ बाय ८ फुटांची, सुमारे १६ इंच उंचीची बैठक करावी, म्हणजे गुडघे दुखणाऱ्या आजींनाही तिच्या काठावर टेकता येते. खालच्या पोकळीत खण होतात. पांढऱ्या चादरीवर महेश्वरीचा दोन्ही बाजूंनी नेसता येणारा काठ उठून दिसतो, पण चंदेरीची पारदर्शकता दाखवायला खाली गडद कापड अंथरावे लागते, म्हणून तेही हाताशी ठेवावे.

टांगण्याच्या रॉडसाठी भिंत पक्की हवी. जड भरतकामाचे लेहंगे ओळीने टांगले की जिप्समच्या भिंतीतून स्क्रू सुटतात. गाउन व अनारकलीसाठी रॉड ६६ ते ७० इंचांवर घ्यावा, कुर्त्या दोन मजल्यांत टांगाव्यात आणि दोन रांगांमध्ये निदान साडेतीन फूट वाट ठेवावी. जरीच्या साड्या मात्र टांगू नयेत. त्या मलमलीत गुंडाळून ठेवाव्यात, घडी अधूनमधून बदलावी आणि कपाटात डांबरगोळ्या टाकू नयेत.

भिंतींचा रंग चेहऱ्यावर उमटतो. हिरव्या भिंतीसमोर गोरी-सावळी कोणतीही त्वचा फिकी वाटते. मळकट पांढरा किंवा फिका वाळूचा रंग सुरक्षित. श्रीमंती दाखवायला सोनेरी नक्षी लागत नाही, हे मी इथल्या माणिकबाग महालाकडे पाहून शिकले: इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराने १९३० च्या दशकात उभारलेल्या त्या वास्तूची भव्यता साध्या रेषांत आहे.

दर्शनी काच पश्चिमेकडे असेल तर अतिनील किरण अडवणारी फिल्म लावावी आणि पुतळ्यांवरचे कपडे दर आठवड्याला बदलावेत. मापे घेऊन फिटिंग करणाऱ्या शिंपी मास्टरांसाठी आत ६ बाय ८ फुटांची, उजेडाची खोली पुरते.

उद्घाटनापूर्वी एक लाल, एक जांभळी आणि एक मोतिया साडी घेऊन स्वतः ट्रायल रूममध्ये उभे राहावे, एकदा दुपारी आणि एकदा रात्री. मग त्याच साड्या बाहेरच्या उजेडात पाहाव्यात, आणि रंग बदललेला दिसला तर झुंबराची ऑर्डर थांबवून आधी आरशाशेजारचे दिवे बदलावेत.