उंचावर थंड का असतं? हे सांगताना या चुका टाळा

"वर गेलं की सूर्याच्या जवळ जातो, मग गरम व्हायला पाहिजे ना?" हा प्रश्न हमखास येतो. अहो सूर्य 15 कोटी किमी लांब, त्यात तुम्ही 3 किमी वर चढलात तर काय फरक पडणार. आणि उन्हाने हवा थेट फारशी तापतच नाही, आधी जमीन तापते मग तिच्यामुळे हवा.

"हवा विरळ म्हणून थंड" हे उत्तर मात्र जास्त डेंजर, कारण पटकन पटतं. पण 20 किमीच्या वर हवा अजून विरळ असूनही तापमान पुन्हा वाढायला लागतं, तिथला ओझोन सूर्याचे अतिनील किरण शोषतो म्हणून. खरी गोष्ट अशी की वर दाब कमी (साधारण 5.5 किमीवर निम्मा), त्यामुळे वर चढणारी हवा फुगते, फुगताना आजूबाजूची हवा ढकलते, त्यात तिची स्वतःचीच ऊर्जा खर्च होते आणि ती गार पडते, कुणाला उष्णता न देता. सायकलचा पंप मारताना गरम होतो ना, त्याच्या बरोब्बर उलट.

मग कोणीतरी म्हणतंच की गरम हवा वर जाते, खोलीत छताजवळ गरम असतं त्याचं काय? खोलीत 3 मीटरवर दाब बदलतो कितीसा, फुगून गार होणं जेमतेम 0.03 अंश, ते कळतही नाही.

आता गणित. 1 किमीला 6.5 अंश ही फक्त सरासरी आहे, ती सगळीकडे ठोकू नका. कोरडी हवा चढताना किमीला 9.8 अंशांनी गार होते, ढग बनायला लागले की वाफेची उष्णता सुटते म्हणून वेग कमी होतो, बऱ्याचदा 5 च्या आसपास. 500 मीटरवर 30 अंश असेल तर 2500 मीटरवर सरासरीने 17 यायला हवं. तुम्ही प्रत्यक्ष मोजलेलं तापमान फारच वेगळं येतंय? आधी बघा थर्मामीटर उन्हात तर नाही ना ठेवला, तो सावलीत, वारा लागेल असा, जमिनीपासून दीडेक मीटर वर पाहिजे. तरी जुळेना तर रीडिंगची वेळ बघा, आभाळ मोकळं असलेल्या शांत रात्री जमीन झपाट्याने निवते आणि पहाटे दरीतच वरच्यापेक्षा जास्त गारठा असतो, तेव्हा दुपारचं रीडिंग घ्या.