नव्या करारातलं पुस्तक कोणी लिहिलं हे शोधताना या चुका टाळा

मराठी बायबल उघडलं की पहिली अडचण शीर्षकातच भेटते. 'मार्ककृत शुभवर्तमान' (शुभवर्तमान म्हणजे येशूची जीवनकथा सांगणारं पुस्तक) असं वाचलं की मार्कने खाली सही केली आहे, असंच वाटतं. मूळ ग्रीक शीर्षक मात्र 'काता मार्कोन', म्हणजे 'मार्कच्या सांगण्याप्रमाणे', एवढंच म्हणतं आणि मजकुरात लेखक आपलं नाव कुठेच घेत नाही. बाकीच्या तिन्ही शुभवर्तमानांचंही तेच. चारही नावं एकत्र, ठामपणे घेतलेली आढळतात ती इ.स. 180च्या सुमारास, आयरेनियस या बिशपच्या लेखनात. तेवढ्यावरून 'नावं मागाहून चिकटवली' असा निकाल देऊ नका. मार्क हा येशूचा शिष्य पेत्र याचा दुभाषी होता, हे पेपियस या बिशपने आयरेनियसच्या बरंच आधी नोंदवलेलं आहे. ही परंपरेची साक्ष आहे. साक्ष कुणाची, किती जुनी, त्याने ती कुणाकडून ऐकली, हे विचारत पुढे जा.

सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याच्या पत्रांत होणारी चूक मला जास्त गंभीर वाटते. त्याच्या नावावर 13 पत्रं आहेत. रोमकरांस, करिंथकरांस दोन्ही, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिलं आणि फिलेमोनला, ही 7 त्याचीच, यावर अभ्यासकांत जवळपास एकमत आहे. तीमथ्याला दोन आणि तीताला एक, ही तीन त्याची नसावीत असं बहुतेकांचं मत. उरलेल्या तीन पत्रांवर वाद चालू आहे. 'शैली वेगळी, म्हणजे बनावट' असं चटकन म्हणणाऱ्याने रोमकरांस पत्राचा 16वा अध्याय वाचावा. तिथे तर्तियस नावाचा लेखनिक मध्येच स्वतःचा नमस्कार सांगतो! गलतीकरांस पत्राच्या शेवटी पौल म्हणतो की ही मोठाली अक्षरं माझ्या हातची आहेत. सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा असेल, तर नुसते शब्द मोजून भागत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राबद्दलची शंका म्हणूनच शैलीवर थांबत नाही: त्यात मंडळीची, म्हणजे ख्रिस्ती समुदायाची घडी, अध्यक्ष आणि सेवक कसे असावेत याचे नियम, बरेच स्थिरावलेले, पौलानंतरच्या काळातले वाटावेत असे दिसतात.

याच्या उलट चूक तितकीच पसरलेली आहे: 'त्या काळी मोठ्या माणसाच्या नावाने लिहिणं सगळ्यांना चालायचं.' चालत नव्हतं. रोमन साम्राज्याच्या आशिया प्रांतातल्या मंडळीच्या एका वडिलाने (पुढाऱ्याने) पौलाच्या नावावर गोष्टी रचल्या, 'पौलाच्या प्रेमापोटी केलं' अशी कबुलीही दिली, तरी त्याला पद सोडावं लागलं, असं तर्तुलियन हा प्राचीन ख्रिस्ती लेखक सांगतो. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याने भाषा ताडून पाहिली आणि प्रकटीकरण हे नव्या करारातलं शेवटचं पुस्तक लिहिणारा योहान शुभवर्तमानाच्या योहानाहून वेगळा असल्याचं म्हटलं. हे प्रश्न श्रद्धावंतांनीच आधी विचारले आहेत. ते विचारताना अपराधी वाटून घेऊ नका.

कोणती पुस्तकं स्वीकारायची हे निकिया इथल्या बिशपांच्या सभेने 325 मध्ये ठरवलं, ही ऐकीव गोष्ट तर सोडूनच द्या. आजच्या 27 पुस्तकांची नेमकी यादी दिसते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या 367च्या पत्रात.

कागद जुना म्हणून मजकूर जुना, असंही समजू नका. 2012 मध्ये 'येशूच्या पत्नीचं शुभवर्तमान' म्हणून कॉप्टिक या जुन्या इजिप्शियन भाषेतला एक तुकडा गाजला. तपासणीत पपायरस खरोखरच शेकडो वर्षं जुना निघाला. पण त्यावरची वाक्यं बायबलबाहेरच्या थोमाच्या शुभवर्तमानातून उचललेली होती, आणि त्या शुभवर्तमानाच्या एका आधुनिक प्रतीतली टंकनाची चूकसुद्धा तशीच उतरली होती.

शेवटची गल्लत लेखक आणि पाठ, म्हणजे हस्तलिखितांतून आलेला मजकूर, यांची. मार्कच्या 16व्या अध्यायातल्या 9 ते 20 ही वचनं सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत नाहीत. या दोन्ही प्रती 8व्या वचनावर, येशूच्या कबरेपासून भिऊन पळालेल्या बायकांपाशी थांबतात. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्टही योहानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत सापडत नाही. असा भाग नंतर जोडलेला ठरला, तरी उरलेलं पुस्तक कोणाचं हा प्रश्न होता तिथेच राहतो. आपल्या प्रतीत ती वचनं कंसात आहेत का, तळटीप काय म्हणते, हे आधी पाहा.