जुनी तबकडी घेताना

जुनी पितळी वस्तू दिसली की मी आधी लोहचुंबक लावते. चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. अस्सल निघाली तरी घासून चकचकीत करू नका; जाणकार त्या काळवंडलेल्या झाकेचेच पैसे देतो.

माझा खरा जीव ग्रामोफोनच्या तबकड्यांवर. १९४८ साली विनाइल या प्लास्टिकची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली, त्याआधीच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या बहुतेक लाखेच्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. माझी पहिलीच तबकडी मी स्पिरिटने पुसली आणि गमावली. अजून हळहळते. मऊ ब्रशनं नुसती धूळ काढा, तबकड्या उभ्या ठेवा. तिरप्या उजेडात ओरखडे पाहा. नखाला लागला तो बहुधा वाजतानाही ऐकू येतो.

विकताना दोष फोटोत दाखवा. दोन सारख्या असतील तर चांगली स्वतःकडे ठेवा.