नवी लक्झरी सेडान घेतलीत? निदान या चुका तरी टाळा

ठाण्यात घोडबंदर रोडच्या कुठल्याही टॉवरचं पोडियम बघा, दोन-चार मर्क, बीएम उभ्या असतातच. छान आहे, कमावलंय तर घ्यावीच माणसाने गाडी. पण गाडी बदलते आणि सवयी जुन्या स्विफ्टच्याच राहतात, मग सोसायटीच्या व्हॉट्सअप ग्रुपवर दर महिन्याला तेच फोटो आणि तेच "हे असं का झालं असेल?" उत्तरं टाईप करून करून कंटाळा आलाय म्हणून एकदाच लिहून काढतो, पुढच्या वेळी सरळ हेच फॉरवर्ड करेन.

बादली आणि फडकं

डिलिव्हरी झाली, पेढे वाटले, दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीचा गाडी पुसणारा हजर. त्याच्याकडे एक बादली, एक फडकं, आणि ए विंगपासून डी विंगपर्यंत तेच पाणी. इकडे मेट्रो ४ चं काम वर्षानुवर्षं चालू, त्यातली सिमेंट आणि खडीची बारीक कच रात्रभर गाडीवर बसते आणि सकाळी तो तीच कच तुमच्या रंगावर गोल गोल घासतो. रंगाच्या वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, असतो साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या निम्मा. तेवढ्यात किती घासणार?

आमच्याच विंगमधल्या काकांनी दसऱ्याला काळी लाँग व्हीलबेस सेडान घेतली. काळी! मी लिफ्टमध्येच म्हटलं, "काका, त्याला फक्त काचा नि टायर पुसू दे, बॉडीला हात नको लावू देऊ." तर म्हणे, "अरे तो इतकी वर्षं पुसतोय, त्याला शिकवायचं काय?" दिवाळीचे कंदील उतरेपर्यंत बेसमेंटच्या ट्यूबलाईटखाली बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसायला लागले. मग काका घाबरून एका डिटेलिंगवाल्याकडे गेले, त्याने एका दिवसात सिरॅमिक कोटिंग (क्लिअर कोटवर चढवायचा चकचकीत थर) मारून दिलं, ओरखडे न काढताच. म्हणजे आता ओरखडे कोटिंगच्या आत अगदी सुरक्षित. पुढे दुसऱ्या माणसाने ते कोटिंग मशीनने उतरवलं, पॉलिश केलं, त्यात आधीच पातळ असलेला क्लिअर कोट अजून गेला, परत कोटिंग, परत पैसे. आणि एवढं सगळं होऊन पुढच्या सोमवारी तोच माणूस तेच फडकं घेऊन गाडीपाशी उभा. काकू म्हणाल्या, "महिन्याचे पैसे देतो ना आपण त्याला, मग नाही कसं म्हणायचं?"

यात त्या बिचाऱ्याची काही चूक नाही, सकाळी दोन तासांत ढीगभर गाड्या उरकायच्या तर तो असाच पुसणार. त्याला पैसे द्या आणि गाडीला हात लावू नको सांगा, मी तेच करतो. रविवारी ऊन यायच्या आत पाईप लावतो, आधी नुसत्या पाण्याने सगळी कच खाली काढतो, मग दोन बादल्या, एकीत कार शाम्पू, दुसरीत मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा) खळबळायला साधं पाणी, टपापासून खाली. भांड्यांचं लिक्विड नाही, सर्फ तर नाहीच नाही. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्या, नाहीतर क्षाराचे पांढरे ठिपके उन्हात पक्के बसतात. बाकी आठवडाभर धूळ दिसली तर दिसू दे, लोक काय म्हणतील हा प्रश्न गाडीला पडत नाही. फक्त कबुतराची किंवा कावळ्याची घाण दिसली तर रविवारची वाट बघू नका, ओला कपडा वर ठेवा, मऊ झाली की उचला, खरवडू नका.

आणि सिरॅमिक कोटिंगने ओरखडे थांबत नाहीत. पाणी ओघळतं, धुणं सोपं होतं, चकाकी राहते, एवढंच. दगड आणि ओरखड्यांपासून वाचवायचं असेल तर पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, निदान पुढच्या बंपरला आणि बॉनेटला. शोरूमच्या पॅकेजमध्ये दोन्ही एकाच दमात सांगतात म्हणून लोक गंडतात.

तुंबलेल्या पाण्यात घुसणं आणि परत बटण दाबणं

याच्यावर माझी खरी चिडचिड होते. मावसभाऊ नेरुळहून आमच्याकडे येत होता, जुलैचा धो धो पाऊस, वंदना टॉकीजपाशी पाणी भरलेलं. वंदनाला पाणी भरतं हे ठाण्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण पुढे टीएमटीची बस गेली, तिच्यामागे एक रिक्षा गेली, म्हणून हाही गेला. समोरून दुसरी बस आली, तिची लाट बॉनेटवर आली आणि गाडी बंद. इथवर कदाचित निभावलं असतं. मागून हॉर्न वाजायला लागले आणि साहेबांनी स्टार्टचं बटण दाबलं. नाही झाली, परत दाबलं. मग मला फोन, "अरे घेत नाहीये, अजून एकदा ट्राय करू का?" मी फोनवर ओरडलो, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

होतं काय, की हवा आत घ्यायच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, यालाच हायड्रोलॉक म्हणतात. या गाड्यांमध्ये इंजिनचं बिल लाखांत येतं. त्यात भाऊसाहेबांनी शोरूमची पॉलिसी महाग म्हणून बाहेरून स्वस्तातली घेतलेली, "झिरो डेप आहे ना, मग सेमच." सेम नसतं. त्यातून इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन उडालेलं होतं. झिरो डेप म्हणजे पार्टच्या घसाऱ्याचे पैसे कापत नाहीत एवढंच, पाण्यात परत स्टार्ट मारून इंजिन गेलं तर ते साध्या पॉलिसीत बसत नाही. काही हजार वाचवले आणि काय घालवलं ते अजून घरात कोणी मोठ्याने बोलत नाही.

माझा नियम साधा आहे, पाणी निम्म्या टायरच्या वर दिसलं की मी घुसत नाही. यू टर्न, नाहीतर बाजूला लावून चहा, अर्धा तास उशीर झाला तर झाला. ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांनी पावसाळ्यात लोकलने जावं. आणि बंद पडलीच तर बटणाला हात नाही, उतरायचं आणि कंपनीच्या रोडसाईडला फोन करून फ्लॅटबेड (गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक) मागवायचा. दोरी बांधून टेम्पोने ओढायची आयडिया हमखास कोणीतरी देतो, नको. या ऑटोमॅटिक गाड्या पॉवर गेली की बऱ्याचदा पार्कमध्ये लॉक होतात, ओढलीत तर गिअरबॉक्सचंही निस्तरावं लागेल.

बाकीच्या, पटापट

बुकिंगच्या आधी टेप घेऊन खाली जा. नवी ई-क्लास ५ मीटर ९ सेंटीमीटर लांब आहे, लाँग व्हीलबेस ५ सीरीज ५ मीटर १६ च्या वर. एकावर एक गाड्या ठेवायच्या स्टॅक पार्किंगच्या पाटीवर लांबी आणि वजनाचं लिमिट लिहिलेलं असतं, ते बघायचं सोडून लोक बुकिंगनंतर सेक्रेटरीशी भांडतात.

मागे तीन जण आणि डिकीत गावाचे आंबे असताना सोसायटीच्या उंच स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासणारच, दोघांना उतरवा, लाज कसली.

बऱ्याच मॉडेलमध्ये स्टेपनी नसते. रनफ्लॅट टायर असेल तर हवा गेल्यावरही साधारण ताशी ८० च्या आत ८० किलोमीटरपर्यंत जाता येतं, ती सोय घरी किंवा टायरवाल्याकडे पोचायला आहे, "चालतेय ना" म्हणून अलिबागला निघायला नाही. खड्ड्यात आपटून टायरच्या साईडला फुगा आला तर तो रिपेअर होत नाही, टायरच बदलायचा, पंक्चरवाला काहीही म्हणो.

डिझेल घेऊन रोज मानपाडा ते वागळे इस्टेट एवढंच चालवणाऱ्यांचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भरणार, काजळी जळायला एक्झॉस्ट चांगलं तापावं लागतं आणि सिग्नलला उभं राहून ते होत नाही. मी अधूनमधून पहाटे अटल सेतूवर काढतो, २१.८ किलोमीटर, १०० चं लिमिट, एका लयीत. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागल्यावर नाही, लागायच्या आधी.

फास्टॅग काचेवर कुठेही चिकटवू नका. काही गाड्यांच्या काचेला उष्णता अडवणारा धातूचा थर असतो, तिथून टॅग वाचला जात नाही. आरशाजवळ त्यासाठी मोकळी जागा सोडलेली असते, मॅन्युअलमध्ये चित्र आहे. हो, मॅन्युअल, ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकमध्ये आहे तेच.

इंजिन बंद ठेवून तासभर गाणी, स्क्रीन, लाईट लावून बसलात तर बॅटरी उतरते, मग गाडी लॉक, चावी मुकी आणि रिक्षावाल्याच्या जंपर केबल. त्या केबल लावू देऊ नका.

गाडी १० लाखांच्या वरची असल्याने डीलरने १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केलेला टॅक्स) घेतलेला असतो. साठ लाखांच्या बिलावर साठ हजार. तो तुमच्याच इन्कम टॅक्समध्ये वळता होतो, जास्त असेल तर रिफंड येतो, पण कित्येकांना हे सीएने सांगितल्यावर कळतं, तेही त्याने सांगितलं तर. डीलरकडून सर्टिफिकेट मागा, पोर्टलवर तुमच्या पॅनखाली दिसतंय का बघा, आणि दिसत नसेल तर रिटर्न भरायच्या आदल्या रात्री नाही, आजच फोन लावा.