खरा-खोटा दागिना: या चुका टाळा

इमिटेशनशी माझं भांडण नाही. लग्नाला एसटीने जायचं असेल तर खुशाल एक ग्रॅमची ठुशी घाला, छान दिसते. डोकं फिरतं ते माझ्या सराफी दुकानात त्याच त्या चुका निस्तरताना.

सगळ्यात वाईट म्हणजे व्हिडिओ बघून घरी केलेली 'परीक्षा'. एका काकूंकडे दोन नथी होत्या: सासूबाईंची मोत्यांची आणि तिच्यासारखीच हुबेहूब बाजारातली. दोन्ही एकाच डबीत. खरी कोणती ते कळावं म्हणून त्यांनी दोन्ही रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवल्या. सकाळी एकीचे मोती खडूसारखे पांढुरके, दुसरीचे तसेच चकचकीत. "ही नकली निघाली, मोडीत घ्या," म्हणत काकू पांढुरकी नथ घेऊन आल्या. तार कसोटीच्या दगडावर घासली, अस्सल सोनं! अहो, खरा मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, आंबटात विरघळणारच. काचेच्या मण्याला व्हिनेगरचं काय? मोत्याचं गेलेलं पाणी परत येत नाही, हे काकूंना सांगणं माझ्या वाट्याला आलं.

बघायचंच असेल तर दोन मोती एकमेकांवर हलकेच घासा. खरा किंचित खरखरतो, नकली बहुधा गुळगुळीत सरकतो. पण कल्चर्ड, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला मोतीही खरखरतो. नैसर्गिक म्हणून मोठी किंमत मागितली तर लॅबचा दाखला मागा. आणि खरं-खोटं एका डबीत ठेवू नका. मी तर प्रत्येक डबीत बिलाची प्रत घालतो.

लोहचुंबकाने सोनं तपासता? पितळ, तांबं, चांदी यांनाही तो ओढत नाही. पुढे चला.

नुसता '९१६' (२२ कॅरेट सोन्याचा) शिक्का बघून खूश होणारेही पुष्कळ. शिक्का कोणीही मारतो. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, २२के९१६ आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक; हॉलमार्क म्हणजे हे तिन्ही, आणि तिन्ही हवेत. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क सक्तीच्या दागिन्यांना एचयूआयडी लागतोच. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो नंबर टाका. ॲप 'अंगठी' म्हणतंय आणि हातात मंगळसूत्र आहे, तर दागिना खाली ठेवा.

खरी मेख डिझायनर सेटमध्ये. कुंदन, पोलकी, जडाऊ या खडे बसवलेल्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती नाही, आणि आत लाख (राळेसारखा पदार्थ) भरलेली असते. निव्वळ सोन्याचं वजन बिलावर वेगळं लिहून घ्या, नाहीतर लाख सोन्याच्या भावात घ्याल. डिझायनरच्या नावाचे आणि घडणावळीचे पैसे मोडीत कोणी देत नाही. नाव आवडलं म्हणून घ्या, गुंतवणूक म्हणून नको.

हिरा तपासायच्या साध्या पेनवर मॉइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा वेगळा खडाही 'हिरा' म्हणून पास होतो. एक ग्रॅमच्या दागिन्याला डाक लावायला (तुटलेला भाग झाळायला) आणू नका, ज्योत लागली की मुलामा काळा पडतो.

कसोटीवर नीट कस घ्यायला थोडा वेळ लागतो. "लवकर सांगा, रिक्षा थांबवलीय," म्हणणाऱ्यांना मी हल्ली आधी रिक्षा सोडायला सांगतो.